कथा कमी नव्हती, जास्त झाली

१९९५चा 'घोस्ट इन द शेल' हा जपानी ॲनिमेशनपट मी पहिल्यांदा पाहिला तो वसतिगृहात, मित्राच्या संगणकावर. चित्रपट साधारण निम्म्यावर आला आणि सबटायटल्स यायची थांबली. पडद्यावर पाऊस पडत होता. कालव्यातून एक होडी संथ चालली होती, पुलावरून छत्र्या घेतलेली माणसं जात होती, दुकानांच्या काचांमागे हात-पाय नसलेले पुतळे उभे होते. फाइल बिघडली असं वाटून मी मागे नेऊन पुन्हा लावली. तेव्हा लक्षात आलं की कोणी बोलतच नाहीये. साडेतीन मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या त्या भागात फक्त शहर आहे, पाणी आहे आणि केंजी कावाई यांचं संगीत आहे. मध्येच होडीतली नायिका मान वर करते. वरच्या कॅफेच्या काचेमागे एक बाई बसलेली असते आणि तिचा चेहरा हुबेहूब नायिकेचाच असतो. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतात. होडी पुढे सरकते. पुढच्या सबंध चित्रपटात त्या बाईबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

काढायची गरजही नाही. मेजर मोतोको कुसानागी ही सरकारच्या 'सेक्शन ९'मधली अधिकारी. काळ २०२९चा. तिचं शरीर संपूर्ण कृत्रिम आहे. तिचं स्वतःचं म्हणून जे काही उरलं आहे ते कवटीतल्या थोड्याशा मेंदूच्या पेशी आणि त्यांच्यात वसणारं काहीतरी, ज्याला तिथली माणसं 'घोस्ट' म्हणतात. नोकरी सोडली तर शरीर सरकारजमा करावं लागेल, हे तिला ठाऊक आहे. अशा बाईला रस्त्यात आपलाच चेहरा दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसतो. कारखान्यातून एकाच साच्याची शरीरं निघत असतील तर हे होणारच. मग 'मी' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या पावसात, त्या काचेत आणि त्या पुतळ्यांत भरून राहिलेला आहे. त्यासाठी एकही संवाद लिहावा लागलेला नाही.

२०१७ साली याच चित्रपटाचा हॉलिवूडने रीमेक केला. दिग्दर्शक रुपर्ट सँडर्स, मेजरच्या भूमिकेत स्कार्लेट जोहान्सन. तो आला आणि गेला. आजही त्याचा विषय निघाला की तेच वाक्य ऐकू येतं : दिसायला एक नंबर, पण कथेत दम नाही. दृश्यशैली जिंकली, कथा हरली. विज्ञानपटांचे रीमेक पडले की हा निकाल ठरलेलाच असतो. मला तो पटत नाही. तो ज्यांचा दोष नाही त्यांच्या माथी दोष मारतो आणि ज्यांनी घोळ घातला त्यांना मोकळं सोडतो.

आधी साधा हिशोब करू. कथा कोणत्या चित्रपटात जास्त आहे? घटना, नाती, रहस्य, खलनायक, सूड, उलगडा यांना कथा म्हणत असाल तर २०१७च्या चित्रपटात ती मूळ चित्रपटाच्या दुप्पट तरी भरेल. १९९५चा चित्रपट दीड तासाहूनही लहान आहे. मामोरू ओशी यांच्या त्या चित्रपटाचं कथानक चार ओळींत सांगून संपतं : 'पपेट मास्टर' नावाचा कोणी लोकांच्या मेंदूत शिरतो आहे, त्याचा माग काढायचा आहे, शेवटी कळतं की तो माणूस नाहीच, माहितीच्या महासागरात आपोआप उपजलेलं एक अस्तित्व आहे, आणि मेजर त्याच्यात विलीन होते. मेजरला भूतकाळ नाही, आईवडील नाहीत, प्रेमप्रकरण नाही. नव्या चित्रपटात हे सगळं आहे. तिला दुसरं नाव आहे, मीरा. तिला घडवणारी कंपनी आहे, कंपनीचा दुष्ट प्रमुख आहे, हळहळणारी डॉक्टर आहे, खोट्या आठवणी आहेत, खऱ्या आठवणी आहेत, हरवलेला साथीदार आहे, आई आहे आणि स्वतःच्याच नावाची कबरसुद्धा आहे. एवढी कथा असूनही लोक 'कथा नाही' म्हणतात. म्हणजे त्यांना जे कमी पडलं ते काहीतरी वेगळं असणार.

काय कमी पडलं ते एकाच प्रसंगात नीट दिसतं. दोन्ही चित्रपटांत कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक माणूस आहे. घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, असं तो मनापासून सांगतो. त्याच्या मेंदूत कुणीतरी शिरलेलं असतं. पकडल्यावर त्याला सांगितलं जातं की बायको नाही, मुलगी नाही, तू कित्येक वर्षं एकटा राहतोस, ह्या आठवणी तुझ्यात घातलेल्या आहेत. जुन्या चित्रपटात फोटो त्याच्यापुढे धरतात. ज्या फोटोत मुलगी दिसते म्हणून तो कौतुकाने सहकाऱ्याला दाखवत होता, त्यात मुलगी नाहीच. तो विचारतो, ह्या आठवणी काढून टाकता येतील का? उत्तर मिळतं की आज तरी ते नीट जमेल असं नाही. बस्स. काचेपलीकडे पोलीस उभे, अलीकडे तो बसलेला. त्याने उरलेलं आयुष्य कसं काढायचं हे आपण घरी घेऊन जातो. नव्या चित्रपटातही ही खोली आहे, काच आहे, हा माणूस आहे; आणि दृश्य म्हणून ती खोली जुन्यापेक्षा कितीतरी भव्य आहे. पण तिथे खलनायक दुरून त्याचा ताबा घेतो, त्याच्या तोंडून मेजरशी बोलतो आणि मग तो माणूस मरतो. कथेच्या हिशेबाने हे जास्त 'घडणारं' आहे. पुढचा धागा मिळाला, धोका वाढला. मात्र ज्याची मुलगी एका वाक्यात नाहीशी झाली तो माणूस धागेदोरे पुरवायच्या कामी लावला गेला. प्रश्न होता तिथे पुरावा आला.

शेवटाचंही तेच. जुनी मेजर स्वतःची ओळख सोडून देते, दुसऱ्या अस्तित्वात मिसळते आणि एका लहान मुलीच्या शरीरात जागी होऊन अफाट पसरलेल्या जाळ्याकडे पाहत उभी राहते. ती आता कोण आहे ते तिलाही नीट सांगता येत नाही. नव्या मेजरला असं विलीन व्हायचं आमंत्रण मिळतं, ती नकार देते, कंपनीच्या प्रमुखाचा हिशोब चुकता होतो आणि आईला मुलगी परत मिळते. आईची भूमिका काओरी मोमोई यांनी केली आहे, आणि त्यांच्या छोट्याशा घरातला प्रसंग हा मला त्या चित्रपटातला सर्वांत आवडलेला भाग आहे. समोर आलेल्या अनोळखी बाईत आपली पोर आहे हे त्यांना कळण्याआधी त्यांच्या हातांना कळतं, इतकं ते काम उत्तम झालं आहे. तरीही मी म्हणेन की हाच प्रसंग चित्रपटाला बुडवतो. 'मी कोण?' ह्या प्रश्नाला 'तू अमुक बाईंची मुलगी' असं उत्तर मिळालं की मागचा सगळा पाऊस, सगळ्या काचा, सगळे पुतळे शोभेचे होऊन बसतात.

चित्रपट आला तेव्हा वाद गाजला तो गोऱ्या अभिनेत्रीला जपानी पात्र दिल्याचा. ओशींनी स्वतः त्या निवडीला हरकत घेतली नव्हती; मेजरचं शरीर मुळातच धारण केलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, पटकथेने तो वाद आपल्या अंगावर घ्यायला हवा होता. जपानी मुलीचा मेंदू काढून गोऱ्या बाईच्या शरीरात बसवला जातो, हे तर कथेतच घडतं! कोणता चेहरा 'आदर्श' ते कंपनीने ठरवलं. हा केवढा जळजळीत प्रश्न हाताशी होता. चित्रपट त्याच्या शेजारून निघून जातो.

आपल्याकडे गाण्यात ही गोष्ट पटकन कळते. एखादा हुशार मुलगा उस्तादांचं ध्वनिमुद्रण घोटून घोटून त्यातली हरेक तान, हरेक मुरकी, अगदी श्वास घ्यायच्या जागासुद्धा उचलतो. मैफलीत बसतो आणि सगळं बिनचूक गातो. समोरचा जाणकार म्हणतो, बाळा, गळा छान आहे, पण राग उभा राहिला नाही. याचा अर्थ 'ताना जास्त झाल्या, शब्द कमी पडले' असा कुणी घेत नाही. ताना रागातून निघायला हव्या होत्या, त्या ध्वनिमुद्रणातून निघाल्या. सँडर्स यांनी जुन्या चित्रपटातल्या फ्रेम अशाच उचलल्या आहेत : द्रवात तरंगत घडत जाणारं शरीर, इमारतीच्या गच्चीवरून मागे झोकून देणं, उथळ पाण्यात अदृश्य होऊन केलेली मारामारी. शेवटी श्रेयनामावलीवर कावाईंचं जुनं गाणंसुद्धा आणलं आहे. चित्रपट संपल्यावर.

हे एकाच चित्रपटापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. १९९०चा 'टोटल रिकॉल' घ्या. पॉल व्हरहोवन यांचा, अर्नोल्ड श्वार्झनेगरचा. आठवणी विकणाऱ्या कंपनीत एक बांधकाम मजूर मंगळावरच्या गुप्तहेरगिरीची आठवण विकत घ्यायला जातो, आणि पुढे जे घडतं ते खरं की विकत घेतलेलं, हा पेच. हॉटेलच्या खोलीत एक डॉक्टर येऊन त्याला शांतपणे सांगतो : तू अजून खुर्चीतच आहेस, हे स्वप्न आहे, ही गोळी घे आणि जागा हो. नायक जवळजवळ गोळी घेतो. तेवढ्यात डॉक्टरच्या कपाळावरून घामाचा एक थेंब ओघळताना दिसतो, आणि नायक त्याला गोळी घालतो. २०१२च्या रीमेकमध्ये हाच प्रसंग आहे. तिथे एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला प्रेयसी; निर्णय होतो तो प्रेयसीच्या गालावरच्या अश्रूमुळे. घामाचा थेंब आणि अश्रूचा थेंब. दिसायला फरक केवढासा! पण घाम ही भीतीची खूण आहे आणि भीतीची खूण स्वप्नातही पडू शकते. नायकाने तिच्यावर विश्वास ठेवला ही त्याची जबाबदारी. अश्रू म्हणजे प्रेमाचं प्रमाणपत्र. तो दिसला की शंका मिटली. शिवाय जुन्या चित्रपटात सुरुवातीलाच कंपनीचा तंत्रज्ञ नायकासाठी निवडलेल्या स्वप्नाकडे पाहून सहज म्हणून गेलेला असतो की हे नवीनच दिसतंय, मंगळावर निळं आकाश. शेवटी मंगळावर खरोखर निळं आकाश उजाडतं आणि पडदा पांढरा होत जातो. ते आकाश डोळ्यांना सुखावतं आणि त्याच क्षणी पोटात गोळा आणतं. स्पेशल इफेक्ट म्हणतात तो हा.

नव्या 'टोटल रिकॉल'ने मंगळ काढून टाकला आणि ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पृथ्वीच्या गाभ्यातून जाणारी एक अवाढव्य लिफ्ट आणली. (ब्रिटनमधून पृथ्वीच्या केंद्रातून सरळ पलीकडे निघालात तर ऑस्ट्रेलिया लागत नाही, न्यूझीलंडच्याही आग्नेयेच्या समुद्रात पोचाल, पण ते राहू दे.) लिफ्टची कल्पना मला मनापासून आवडते. मधोमध गेल्यावर वर-खाली उलटं होतं, माणसं तरंगतात. ज्या माणसाला आपलं आयुष्य सरळ की उलटं तेच कळत नाही, त्याच्या गोष्टीत हे किती नेमकं बसलं असतं! चित्रपटाने ते फक्त मारामारीसाठी वापरलं.

इथे एक रास्त शंका निघेल. रीमेकने मूळ प्रश्नाला चिकटूनच राहायचं का? बदल करायचाच नाही? करायचा, वाटेल तेवढा करायचा. जॉन कार्पेंटर यांचा १९८२चा 'द थिंग' बघा. १९५१च्या चित्रपटातला परग्रहवासी म्हणजे वनस्पतीसारख्या पेशींचा एक धिप्पाड प्राणी होता. दारामागे उभा असणारा शत्रू. कार्पेंटर मूळ कथेकडे, जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८च्या कथेकडे परत गेले. तिथला जीव कुणाचंही रूप घेतो. अंटार्क्टिकातल्या तळावर बारा माणसं, आणि त्यांतलं कोण अजून माणूस आहे ते कुणालाच माहीत नाही. रॉब बॉटिन या विशीतल्या तरुणाने रबर, रसायनं आणि यंत्रं वापरून ती रूपांतरं उभी केली : छाती दुभंगून तिचा जबडा होतो, तुटलेल्या मुंडक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. तेव्हाच्या अनेक समीक्षकांनी हा चित्रपट झोडपला. किळसवाणे इफेक्ट्स, पात्रं पोकळ, कथा पातळ, असे ताशेरे होते. आज तो विज्ञानभयपटांतला मानदंड मानतात. तीच दृश्यं आज वेगळी दिसतात, कारण त्या वितळणाऱ्या मांसातच कथा होती हे सावकाश लक्षात आलं. शेजारच्या माणसावरचा विश्वास कसा वितळतो ते दाखवायला दुसरं चित्र कोणतं असणार? रक्ताच्या चाचणीचा प्रसंग आठवा. तापलेली तार रक्ताच्या बशीत बुडवायची, एकेकाची पाळी, बाकीचे बांधलेले. तारेचा चुर्र आवाज येतो आणि तेवढ्यापुरता एक माणूस माणूस ठरतो.

म्हणूनच 'शैली विरुद्ध कथा' ही मांडणीच मला चुकीची वाटते. विज्ञानपटात डोळ्यांपुढे येणारं जग हीच पहिली कथा असते. २०१४चा 'रोबोकॉप'चा रीमेक (जखमी पोलिसाला यंत्राच्या शरीरात बसवण्याची गोष्ट) एरवी मूळ चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाही, पण त्यात एक दृश्य आहे : डॉक्टर चिलखताचे भाग एकामागून एक दूर करवतो आणि नायकाला आरशात दाखवतो की त्याचं काय उरलं आहे. चेहरा, फुप्फुसं, एक हात. मी ते दृश्य विसरू शकलेलो नाही. संगणकाने काढलेलं चित्रच आहे ते. त्या काही मिनिटांत चित्रपट मूळ १९८७च्या चित्रपटाच्या बरोबरीने उभा राहतो, आणि नंतर पुन्हा बसतो.

पैशाचाही मुद्दा येतो. अकरा कोटी डॉलरचा चित्रपट काढायचा तर सगळ्यांना कळेल असा शेवट हवा, कोड्यात टाकून चालत नाही, असं निर्मात्यांचं म्हणणं असतं. पण त्याच निर्मात्यांच्या गावात १९९९ साली 'द मेट्रिक्स' आला होता. त्याच्या दिग्दर्शकद्वयीने ओशींचा चित्रपट निर्मात्याला दाखवून सांगितलं होतं की आम्हाला हे खऱ्या माणसांसह करायचं आहे. पडद्यावरून ओघळणारी हिरवी अक्षरंही त्यांनी तिथूनच घेतली. पण ती घेताना स्वतःचा प्रश्न घेऊन ते उभे राहिले, आणि प्रेक्षकांनी कोड्यात पडण्यासाठी जगभर रांगा लावल्या. चित्रपटाने पंचेचाळीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. २०१७च्या 'घोस्ट इन द शेल'ने सोपा शेवट देऊन जेमतेम सतरा कोटी मिळवले. प्रेक्षकाला कमी समजतं असं धरून चालणं हा व्यवहार म्हणूनही तोट्याचा निघाला.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'सैराट'चा 'धडक' झाला तेव्हा आपण हेच पाहिलं. अजय-अतुल यांच्या चाली तिकडे गेल्या, 'झिंगाट' गेलं, पळून जाणारी पोरं गेली, शेवटचा आवाज बंद होणंही गेलं. करमाळ्याची विहीर, केळीची बाग, उसाची शेतं यांच्या जागी उदयपूरचे तलाव आणि हवेल्या आल्या, फ्रेम अधिक झळझळीत झाली. जात मात्र पुसट झाली. 'सैराट'मधलं ते रक्ताने माखलेलं पाऊल उमटतं तेव्हा आपल्याला धक्का बसतो, कारण आधीच्या अडीच तासांत पाटलाच्या वाड्याचा दरवाजा, वर्गातली ती कानशिलात, गावची पंगत या सगळ्यातून ते पाऊल चालत आलेलं असतं. तो विज्ञानपट नाही हे मान्य. रोग तोच आहे.

आणि एक गोष्ट मला फार लागते. रीमेक पडला की लोक म्हणतात, 'नुसते व्हीएफएक्स.' हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांचं हे काम आज मुंबई, पुणे, बंगळुरूच्या स्टुडिओंतही होतं. एकेका फ्रेममधून तारा, दोऱ्या, हिरवा पडदा पुसून काढणारी, केसांच्या कडा हाताने कापत बसणारी मुलं आपल्या शेजारच्या इमारतीत राहतात. माझ्या ओळखीतला एक जण एका चित्रपटातल्या चार सेकंदांच्या पावसावर तीन आठवडे रात्रपाळी करत होता. पाण्याचा थेंब काचेवर कुठे अडखळतो हे तो मला बोटाने टेबलावर काढून दाखवत असे. त्या पावसात काही अर्थ असावा की नसावा हे त्याच्या हातात नव्हतं. ते पटकथेच्या टेबलावर ठरलं होतं, तो चित्रपटात येण्याच्या कितीतरी आधी. नुसते व्हीएफएक्स असं काही नसतं. कुणीतरी त्यांना नुसतं ठेवलेलं असतं.

खुद्द ओशींनाही हा मोह सुटला नाही, हे नोंदवायला हवं. २००८ साली त्यांनी आपल्याच चित्रपटाची '२.०' आवृत्ती काढली. हिरवट रंगछटा जाऊन नारिंगी आली, काही दृश्यं संगणकावर त्रिमितीय बनवली. सुरुवातीला उंच गच्चीवर हाताने रेखाटलेल्या मेजरच्या जागी गुळगुळीत बाहुली उभी राहते आणि पाचच मिनिटांत पुन्हा रेखाटलेली मेजर परत येते. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याच हातून चित्र बदललं, तरी मला जुनीच मेजर जवळची वाटते. रेषेत थोडी थरथर होती, तिच्यामुळे ती जिवंत आहे की नाही अशी शंका यायची.

जुन्या चित्रपटाच्या शेवटी मेजर एका ओसाड, पाणी साचलेल्या संग्रहालयात कोळ्यासारख्या टँकशी लढते. टँकच्या गोळ्या भिंतीवर बसतात. भिंतीवर जीवसृष्टीचा वृक्ष कोरलेला आहे, खालून वर फांद्या फुटत गेलेल्या, एकेका फांदीवर जीवजातींची लॅटिन नावं. गोळ्यांची रांग खोडावरून वर चढत जाते, दगडाचे कपचे उडतात, मासे जातात, सरडे जातात, आणि शेंड्यावरच्या 'होमिनिस', म्हणजे माणूस, या शब्दाच्या अगदी खाली येऊन रांग थांबते. मग मेजर टँकवर चढते, झाकण उघडण्यासाठी इतका जोर लावते की तिचे स्वतःचे हात खांद्यापासून उखडून पडतात. नव्या चित्रपटात टँक आहे, जोर लावणं आहे, तुटलेला हात आहे, सगळं अप्रतिम चित्रित केलेलं आहे. मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. तिच्यासमोर ती भिंत नाही.